उनपदेवचा भात

काल संध्याकाळी घरी पोचले, पाय धुतले आणि पाणी प्यायला हात सवयीने कोनाड्याकडे गेला. तिथे कळशी नव्हती. ती तुझ्या ओट्यावर राहिली आहे. आमचे मास्तर म्हणाले, "विसरलीस वाटतं?" मी नुसतीच खाली बसले. याहीन, मी फार थकलेय गं. रडून थकले, आणि आल्यागेल्याला 'काय झालं, कसं झालं' ते सांगून त्याहून जास्त थकले. ताप आला, उतरला, पुन्हा आला आणि तू गेलीस. यात सांगण्यासारखं आहे तरी काय?

म्हणून तुझ्याशीच बोलते. तुला अक्षर येत नव्हतं, तेव्हा हे तुला कोण वाचून दाखवणार, हा प्रश्न आहेच. पण तू होतीस तेव्हा तरी माझं कुठे पुरतं ऐकून घ्यायचीस!

तुझं माहेर कुठलं, तू कोणाची सून, तुझ्या हाताला किती यश होतं, ते तुझे भाऊबंद सांगतील. मला त्यातलं काही सांगायचं नाही. पुस्तकात ज्याला विहीण म्हणतात, तिला आपण याहीन म्हणतो. तू मुलाची आई, मी मुलीची. या नात्यात मानपान, रुसवे आणि टोमणे एवढंच असतं, असं लोक धरून चालतात. आपल्यातही ते सगळं होतं. फक्त इतर याहिनी ते मांडवात करतात आणि आपण बैलगाडीत बसून, अख्खा खानदेश फिरत केलं.

आणि हे फिरणं सुरू झालं ते त्या कळशीमुळेच. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आमच्या घरची रीत. माझ्या आईने पाळली, तिच्या आईने पाळली. माझी द्वारकी तुझ्या घरी सून होऊन आली, तेव्हा वाटलं, वर्ष-दोन वर्षांचा प्रश्न आहे. पारोळ्याहून निघायचं, अमळनेर मागे टाकून नावेने तापी उतरायची आणि तुझ्या ओट्यावर येऊन बसायचं. सोबत माझी भाकरी आणि माझी कळशी. द्वारकी दारात उभी राहून माझ्याशी बोलायची. वर्षं गेली, तिच्या पदराआड काही आलं नाही, आणि माझी कळशी तुझ्या ओट्यावर येत राहिली. एकदा तू सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिलीस. तेव्हा आपण एकमेकींना अजून 'तुम्ही' म्हणत होतो.

"याहीन, मना घरनं पानी काय इख शे का?"

"विष कशाला असेल? रीत आहे."

"रीत बठ्ठी तुमनीच घर जनमनी का?"

मी कळशी जवळ ओढली. तूही तणतणत आत गेलीस. पण महिन्याभरात तुझा गाडीवान उखा आमच्या दारात दमणी घेऊन हजर. दमणी म्हणजे छपराची हलकी गाडी, बायामाणसांना बसायला बरी. तू आत बसलेली. म्हणालीस, पद्मालयाला चला, गणपतीला नवस बोलू, पोरीची कूस उजवू दे. मास्तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "नवसाला निघालात की सहलीला?" तू डोक्यावरचा पदर नीट करत त्यांना म्हणालीस, "मास्तर, देव काय घरमा बशेल शे?"

पद्मालयाचं ते तळं आठवतं? रान चढून गेलो आणि समोर कमळंच कमळं. तू पायरीवर बसलीस, पाण्यात पाय सोडलेस आणि गप्प झालीस. तुला गप्प झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मग दोघींनी आपापली फडकी सोडली. तू तुझ्या घरचं भरीत आणि ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी माझ्यापुढे सरकवलीस. मी मागे सरकवली. "आठे कोनं घर शे? गनपतीनंच ना?" असं तू म्हणालीस. मी म्हटलं, घर गणपतीचं असेल, पीठ तुमचं आहे. तुला हसू आलं की राग, ते मला कळलं नाही. परत निघालो, एरंडोल जवळ आलं आणि तू एकदम कपाळावर हात मारलास, "नवस बोलानं राही गयं वं माय!" तुला गाडी फिरवायची होती. उखा म्हणाला, "आक्का, बैलसले इचारी ल्या एकदाव." शेवटी तू गाडीतूनच मागे वळून हात जोडलेस. त्या दिवसापासून मी तुला 'तू' म्हणायला लागले. देवाला विसरणाऱ्या बाईला 'तुम्ही' काय म्हणायचं!

नंतर आपल्याला फिरण्याची चटकच लागली. शेतीची कामं आटोपली की उखा यायचा. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर तू एका हाताने तापीचं आणि दुसऱ्या हाताने पूर्णेचं पाणी घेऊन, कोणतं गोड ते मला विचारत बसलीस. श्रावण सरता सरता मनुदेवीला गेलो. वरून कोसळणारं ते पाणी आपल्या अंगावर उडत होतं आणि तू लहान पोरीसारखी पुढे पुढे जात होतीस. एदलाबादला मुक्ताबाईच्या देवळात माझे गुडघे धरले, तर तू भर सभामंडपात ते चेपत बसलीस. लोक बघत होते. मुलाच्या आईने मुलीच्या आईचे पाय चेपायचे म्हणजे जग उलटं झालं! मी पाय ओढून घेतले, तर तू म्हणालीस, "गप बस मास्तरीन, पाय काय जेवन शेतस का?"

मास्तरांच्या घरात राहून माझी बोली शहरी झाली, म्हणून तू मला मास्तरीण म्हणायचीस. आता तसं म्हणणारं कोणी उरलं नाही.

खरा तंटा झाला तो उनपदेवला. अडावदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, दगडी गायीच्या मुखातून बारा महिने ऊन पाणी पडतं ते ठिकाण. तू जाताना चोपड्याच्या बाजारात गाडी थांबवलीस, तांदूळ घेतलेस आणि नव्या फडक्यात बांधलेस. मी विचारलं, हे काय? तर नुसती हसलीस. उनपदेवला पोचल्यावर ते गाठोडं तू त्या ऊन पाण्याच्या धारेखाली धरलंस आणि मग कुंडात सोडून, दोरीचं टोक पायाच्या अंगठ्याला बांधून बसलीस.

"हाऊ भात ना तुना घरना, ना मना घरना," तू म्हणालीस. "तांदूय बजारना, चूल देवनी. आते तुनी रीत काय म्हनस?"

रीत काय म्हणणार? आजूबाजूला आंघोळीला आलेली माणसं आपल्याकडे बघत होती. खरजेवर, संधिवातावर गुण येतो म्हणून लोक त्या पाण्यात उतरतात आणि तू तिथे भात शिजवत होतीस! दुपार झाली, ऊन कललं. तू मधून मधून गाठोडं काढायचीस, दाबून बघायचीस आणि पुन्हा सोडायचीस. ते पाणी अंग शेकायला गरम, भाताला कुठलं पुरतंय? पण तू ऐकशील तर शपथ. शेवटी पळसाच्या पानावर तो भात वाढलास. वरून मऊ आणि आत टणक, दाताखाली कडकड वाजणारा. तू मोठ्या दिमाखात घास घेतलास आणि तुझं तोंड बघून मला हसू आवरेना. मग मीही एक घास घेतला. चावता चावता दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं, ते हसून की दात दुखून, देव जाणे.

"जेवनी ना मंग!" तू टाळी दिलीस.

"नाही. हा भात नाहीच. हे भिजलेले तांदूळ आहेत. तांदूळ चघळले म्हणजे जेवण होत नाही."

रात्री दोघींची पोटं दुखली. उखाने ओवा आणून दिला. ओवा चघळतानाही आपलं चालूच होतं. तू म्हणायचीस जेवलीस, मी म्हणायचे नाही जेवले. वर्षानुवर्षं ते चाललं. लग्नात भेटलो तरी तू चार बायकांत सांगायचीस, मनी याहीन मना हातनं जेवनी, आणि मी लगेच म्हणायचे, खोटं. तुझ्या मळ्यातल्या केळीचा घड यायचा, तो मी गल्लीत वाटून टाकायचे. मास्तर तेवढ्यात दोन केळी काढून घ्यायचे. म्हणायचे, झाडावरचं फळ म्हणजे शिजलेलं अन्न नव्हे. हे तुला कळलं तेव्हा तू म्हणालीस, बाप शहाणा, माय खुळी.

पण मी खुळी नव्हते गं. आज सांगते. तुझ्या घरचं पाणी मी प्याले असते, तर त्याचा अर्थ झाला असता की आता द्वारकीला मूल होणार नाही हे मी धरून चालले. आईनेच आस सोडली, तर देव कशाला ऐकेल? ती कळशी उचलून नेताना हात दुखायचे, पण तिच्यात माझी आस भरलेली होती. हे तुला मी कधी नीट सांगितलं नाही. तूही विचारलं नाहीस.

मग तोरणमाळ. दुसरी मोठी लढाई सुरू झालेली. शहाद्याची मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची आणि चढ आला की उतारूंनाच उतरवायची. शिवरात्रीची जत्रा धरून आपण निघालो. त्या वेळी मला कोणीतरी सांगितलं होतं की तुझ्या घरात पोराचं दुसरं लग्न करायचं घाटतंय आणि तू स्वतः मुलगी बघून आलीस. घाट चढताना माझा जीव नुसता खालीवर होत होता. तू पुढे, मी मागे. पावरा आदिवासी बायका डोक्यावर ओझी घेऊन आपल्याला मागे टाकून जात होत्या. तू त्यांच्याशी खुणांनी बोलत, हसत चालली होतीस. मला वाटत होतं, हिला हसवतं तरी कसं?

वर तलाव पाहिला. पाणी इतकं शांत की त्यावर बोलायचीही भीती वाटावी. गोरखनाथाला नारळ फोडला. पुढे सीताखाईच्या कडेला जाऊन बसलो. खाली बघून माझे डोळे फिरले आणि त्या गरगरण्यातच मी विचारलं, "मुलगी पाहून आलीस म्हणे?"

तू खडे उचलून खाली टाकत राहिलीस. एक तरी तळाला पोचल्याचा आवाज येतो का, ते ऐकत होतीस.

"पाही उनू. चांगली शे पोरगी. तिनी मायनी माले पानी दिधं. मी तठे पानी पिधं, आनि मना डोयासमोर तुनी कयशी उभी राहिनी."

"मग?"

"मंग काय? उठी उनू. नही सांगं त्यासले." तू माझ्याकडे वळलीस. "पोऱ्या होवो, नही होवो, द्वारकी मना घरनी शे. पन तू वटावर बसीसन तुनी कयशीनं पानी पेस ना, तवय बठ्ठं गाव देखस. गाव म्हनस, वहूनं ठिकान आजून कच्चं शे, सख्खी माय बी हाई तिनं घर मानत नही. आते तरी मना घर दोन घास खाय वं."

मी तुझे पाय धरायला हवे होते. पण मला तेव्हा एवढंच ऐकू आलं, की तूही आस सोडलीस. मी चिडून म्हटलं, "म्हणजे माझ्या लेकीला मूल होणार नाही, हे तूच ठरवून टाकलंस?" तू नुसतं "बरं" म्हणालीस. घाट उतरतानाही तू पुढे, मी मागे. खाली आल्यावर तू माझ्या चपलेतला काटा काढून दिलास, तोही न बोलता.

त्यानंतर फिरणं झालं नाही. मोटारी अडल्या, घासलेट रेशनवर गेलं, उखाचा एक बैल गेला. तुला अजिंठ्याची लेणी बघायची होती. कोणीतरी तुला सांगितलं होतं, तिथे भिंतींवर बाया काढल्या आहेत. "त्यासना केस कसा बांधेल शेतस ते देखानं शे," एवढंच तुझं म्हणणं. देवबीव काही नाही. मी म्हटलं, लढाई संपू दे. लढाई अजून चालूच आहे.

निरोप आला तेव्हा मी लगेच निघाले. तापीला नाव पलीकडे गेलेली होती. या काठाला बसून राहिले. पाणी पाहून मला त्या दिवशी काहीच वाटलं नाही. तुझ्या घरी पोचले तोवर तुला नेलं होतं. द्वारकी माझ्या गळ्यात पडली नाही, तशीच ओट्यावर भिंतीला टेकून बसून राहिली. म्हणाली, "आई, मनी सासू गयी." माय गेल्यावर पोरी बसतात, तशी बसली होती.

मी ओट्यावरच राहिले. भाऊबंदांकडून घरात भाकरी येत होत्या, मी कोरडं पीठ आणलं होतं ते शेजारणीकडून थापून घेत होते. कळशी उशाशी. आणि तेराव्याच्या दिवशी अंगणात पुरुषांची बैठक बसलेली असताना तुझ्या थोरल्या दिरांचा आवाज माझ्या कानावर आला. त्यांनी तो हळू केलाही नव्हता.

"घरमा आते पाहनारं कोनी नही. बाई व्हती तवलोंग ती आडी व्हती. आते पोऱ्यानं दुसरं करी टाका."

जावई मान खाली घालून बसले होते. त्यांनी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. आजवर नाही म्हणायचं काम तू करत होतीस. तू घरात नसताना ते कोणी करायचं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात द्वारकी दारात आली. डोळे सुजलेले, हाताला पीठ. ती म्हणाली, "आई, एक इचारू? तापमा ती काहीबाही बरळत होती. म्हने, मनी याहीन उनी म्हनजे तिले भात कर. आनि चांगला शिजू दे बरं. दोनदा म्हननी, चांगला शिजू दे. माले काही समजलं नही. तू तर आपल्याकडे जेवत नाहीस. पण तिचा शब्द म्हणून मी टाकलाय थोडा."

याहीन, मी तिथे काय केलं ते तुला दिसलं असेल तर ठीक, नाही तर ऐक. आधी मला हसू आलं. तेराव्याच्या दिवशी, मेलेल्या माणसाच्या दारात, ओट्यावर बसून मी हसले. बायका बघायला लागल्या. मग रडू आलं, ते अजून येतंय. हात टेकून उठले. कळशी तिथेच ठेवली. इतक्या वर्षांत कधी ओलांडला नव्हता तो तुझा उंबरा ओलांडला आणि अंगणात ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "द्वारके, पाट मांड. माझ्या लेकीच्या घरी मला भूक लागलीय."

जावई आत आले. त्यांनी स्वतः माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि दारात, बाहेरच्यांकडे पाठ करून बसले. द्वारकीने वाढलं. थोडा भात ताटाबाहेर सांडला. तो मी वेचून घेतला.

आस सोडली का, असं विचारशील तर मला सांगता येणार नाही. माझ्यात आता तेवढं बळ नाही. उद्या तुझे दीर पुन्हा बोलतील, परवा आणखी कोणी. पण आता ते बोलतील तेव्हा त्यांना हेही ठाऊक असेल, की या घरी सुनेची आई जेवते. मी दर महिन्याला जाऊन जेवणार आहे. गुडघे असोत नसोत, नाव मिळो न मिळो.

उनपदेवचा तो घास मोजायचा की नाही, ते तुझं तू ठरव. मी अजूनही म्हणेन, ते तांदूळच होते. पण परवाचा भात मऊ होता गं. अगदी चांगला शिजला होता. मी दुसऱ्यांदा मागून घेतला.